सावज उठायची वेळ

म्यूल डिअरचा मोठा नर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातात बंदूक नव्हती, पाण्याची बाटली होती. कोलोराडोत येऊन मला दोन वर्षं झाली होती. गनिसन गावाच्या वायव्येला वेस्ट एल्क विल्डरनेस हे राखीव रान आहे, त्यातल्या एका पायवाटेवर वळण घेतलं आणि तीस पावलांवर तो उभा. आधी दिसले ते कान. म्यूल म्हणजे खेचर, आणि या हरणाला नाव पडलं ते त्या लांबलचक, एकेक वेगळा फिरणाऱ्या कानांवरून. मग शिंगं दिसली. एका फांदीच्या दोन, त्या दोनांच्या पुन्हा दोन, अशी फुटत गेलेली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चारही पाय एकदम उचलून, चारही एकदम टेकवून, उड्या मारत तो कड्याच्या दिशेने निघून गेला. ज्या चढाला मी दर पन्नास पावलांवर थांबत होतो, तो चढ त्याने आठ-दहा उड्यांत संपवला. धारेवर पोचल्यावर थांबला, मागे वळून पाहिलं आणि पलीकडे उतरला. त्या दिवसापासून तो डोक्यातून गेला नाही.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, जावळी खोऱ्यात. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती म्हणतात. मी बंदूक पाहिली नाही, तिचं दारू ठेवायचं शिंग पाहिलं, माळ्यावर, सुतळीत गुंडाळलेलं. रानडुकरं भात उपटायची, म्हणून राखण, हाका, कधीमधी भेकर. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते सगळं थांबलं. थांबलं ते बरंच झालं. आपल्याकडे रान आणि जनावर जेवढं उरलं होतं, त्यावर दुसरा इलाज नव्हता. पण आजोबा बोलायचे ते शिकारीबद्दल नसायचंच. माग कसा जुना-नवा ओळखायचा, वारा कसा बघायचा, सावज कुठे बसतं, कुठल्या वेळी उठतं. ‘वारा पाठीवर आला की घरी यायचं,’ हे त्यांचं वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ कळायला मला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला यावं लागलं.

इथली व्यवस्था समजून घेतली नसती तर मी बंदूक हातात घेतलीच नसती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बाजारासाठी इतकी शिकार झाली होती, की हरणं, एल्क नावाची मोठी हरणं, बायसन बहुतेक ठिकाणी संपत आले होते. त्यानंतर विकायची शिकार बंद झाली, राज्यांनी लायसन्सं आणली. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. कोणत्या भागात किती नर मारायचे, किती माद्या, हे खातं दरवर्षी ठरवतं आणि तेवढीच लायसन्सं काढतं. म्हणजे शिकाऱ्याला हवं ते जनावर, हवं तेव्हा, हवं तिथे नाही. एक नर, एका ठरलेल्या युनिटमध्ये म्हणजे आखलेल्या भागात, ठरलेल्या नऊ दिवसांत.

कायद्याची दुसरी बाजू आपल्या लोकांनी नीट माहीत करून घ्यावी म्हणून सांगतो. एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्यात सूट आहे. मी त्या सवलतीच्या भरवशावर गेलो नाही, ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. तोवर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत तो सक्तीचा आहे. वर्गात माझ्या शेजारी अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती आणि बंदुकीची नळी कुठे रोखलेली आहे याचं भान तिला माझ्यापेक्षा जास्त होतं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर जाऊ द्यायचं नाही. सावजाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय गोळी सोडायची नाही. या तीन गोष्टी शिकवणाऱ्याने इतक्या वेळा म्हणून घेतल्या, की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन.

मग अर्ज. गनिसन खोरं मोठ्या नरांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे अर्ज पुष्कळ आणि लायसन्सं थोडी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरायचा, मेअखेरीस निकाल. नाव लागलं नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. माझी चार वर्षं अशी गेली. पाचव्या वर्षी ऑफिसात मीटिंग चालू असताना ईमेल आला. दुसरा रायफल सीझन, ऑक्टोबरअखेर, एक नर. मीटिंगमध्ये पुढे काय झालं ते मला आठवत नाही.

या सगळ्यात माझा गुरू म्हणजे माझा शेजारी. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गनिसनजवळच्या रँचवर वाढलेला, दोन्ही गुडघे बदललेले. माझी मुलगी त्याला आजोबा म्हणते आणि त्याला तो शब्द आता कळतो. त्याने मला उन्हाळाभर नेमबाजीच्या रेंजवर नेलं. रायफलचा नेम दोनशे यार्डांवर बसवून घेतला, मग झोपून, बसून, झाडाला टेकून, धापा टाकत, अशा सगळ्या तऱ्हांनी गोळ्या झाडायला लावल्या. शेवटी त्याने माझी मर्यादा ठरवली: अडीचशे मीटर. ‘त्यापलीकडे असेल तर जवळ जा. जवळ जाता येत नसेल तर बघ आणि परत ये.’ हे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

ऑगस्टात दोन शनिवार-रविवार मी वर घालवले. झाडं जिथे संपतात त्याच्या वरच्या गवताळ खोलगटात नर एकत्र चरतात. तेव्हा शिंगांवर मखमल असते, आत रक्त खेळत असतं, शिंग रोज वाढत असतं. उजेडात ती सोनेरी दिसतात. मला पाच नर दिसले. त्यातल्या एकाचा डावा कान टोकाला फाटलेला होता आणि शिंगं कानांच्या बाहेर वीतभर गेलेली. दुर्बिणीतून त्याला मी चार तास बघितलं. वहीत नकाशा काढला, वेळा लिहिल्या, परत आल्यावर शेजाऱ्याला दाखवल्या.

तो म्हणाला, “सुंदर आहे. पण हा ऑगस्टातला नर आहे.”

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही, आणि त्याची किंमत ऑक्टोबरात तीन दिवस घालवून मोजली.

सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी मोनार्क पासवरून, ११,३१२ फुटांवरच्या खिंडीतून, गनिसनला उतरलो. गाडी ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, लावली. विल्डरनेस म्हणजे १९६४ च्या कायद्याने राखलेलं रान. आत मोटार नाही, सायकल नाही, सावज ओढून आणायची हातगाडीसुद्धा नाही. आत जे न्यायचं ते पाठीवर किंवा घोड्यावर, बाहेर आणायचं तेही तसंच. माझ्या पाठीवर सत्तावीस किलो होतं. तंबू, स्टोव्ह, आठ दिवसांचं खाणं, रायफल, ट्रायपॉड, दुर्बीण. आठ किलोमीटर चालून स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांच्या कडेला, साधारण ३,१०० मीटरवर तंबू टाकला. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तंबूचा खुंटा ठोकतानासुद्धा दम लागायचा तो उगीच नाही.

पहिले दोन दिवस मी त्या ऑगस्टच्या खोलगटावर नजर ठेवून बसलो. गवत पिवळं पडलं होतं, पाणी कडेने गोठलं होतं. एल्कच्या माद्यांचा एक कळप गेला, एक कोल्हा उंदीर धरताना दिसला. हरीण नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठून त्या खोलगटात उतरलो आणि जमीन बघितली, तेव्हा कळलं. लेंड्या होत्या, सगळ्या जुन्या, उन्हाने पांढुरक्या. ताजा माग एकही नाही. ज्या घरातले लोक दीड महिन्यापूर्वी निघून गेले त्या घरासमोर मी तीन दिवस बसलो होतो.

इथे जे समजलं ते नीट सांगतो, कारण या सगळ्या अनुभवात मला मोलाचं वाटतं ते हेच. उन्हाळ्यात नराला फक्त शिंग वाढवायचं आणि चरबी साठवायची असते, म्हणून तो उघड्यावर, हिरव्या गवतावर, चार सोबत्यांबरोबर दिसतो. ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते, शिंग टणक होतं, टोळी फुटते. म्हातारा नर एकटा होतो. नोव्हेंबरच्या मध्यात माज येतो, तेव्हा तो माद्यांमागे उघड्यावर येईल. त्याआधीचे सहा-सात आठवडे तो दाट झाडीच्या कडेला, चारा-पाणी-सावली जिथे दोनशे पावलांत मिळेल अशा जागी दडून काढतो. बर्फ फार झालं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठरलेल्या वाटेने खाली सेजब्रशच्या झुडपांच्या माळावर जातो. ही वाट पाडस आईमागून चालताना शिकतं. म्हणजे त्याच डोंगरावर एकाच नराची तीन-चार घरं असतात, आणि मी चुकीच्या घराचं दार ठोठावत होतो.

त्याच संध्याकाळी खोलगटाच्या उत्तरेच्या सोंडेवर, स्प्रूस आणि अ‍ॅस्पन मिळतात त्या रेषेवर, मला ताजा माग मिळाला. एकच जनावर. खूर रुंद, माती दाबलेली. दोन कोवळ्या झाडांची साल शिंगाने घासून सोललेली, त्यावर राळ अजून चिकट. मी उत्साहाने त्या मागावर निघालो, आणि दोनशे पावलांवर मानेच्या मागच्या बाजूला गार वारं लागलं. सूर्य धारेआड गेला होता. डोंगरातली हवा दिवसा तापून वर चढते, ऊन गेलं की पाण्यासारखी खाली वाहू लागते. मी वर, माग खाली, वारा पाठीवर. खालच्या झाडीत काड्या मोडल्याचा आवाज झाला, मग त्या ओळखीच्या उड्यांचा. धप्, धप्, धप्. दिसलं काहीच नाही. आजोबांचं वाक्य मला तिथे, त्या अंधारात, शब्दशः ऐकू आलं.

चौथ्या दिवशी सकाळी एक तरुण नर दीडशे मीटरवर आडवा उभा राहिला. तीन-तीन टोकांची शिंगं, पोट आत, मान बारीक, अडीच वर्षांचा असेल. कायद्याने मारता आला असता. मांसही चांगलं मिळालं असतं. तंबूत परत जाऊन घरी जाता आलं असतं. मी त्याला दुर्बिणीतून बघत राहिलो. मोठा नर ओळखायचा तो आधी अंगावरून, शिंगं नंतर. पोट लोंबतं, पाठ किंचित झोळ खाते, मान आणि छाती एकच होतात, पाय तोकडे दिसतात, नाकाचा उंचवटा जाड होतो. याच्यात त्यातलं काही नव्हतं. त्याच्यापुढे अजून चार-पाच वर्षं होती. तो चरत चरत निघून गेला आणि मला वाईट वाटलं नाही.

पाचव्या दिवशी बर्फ. पहाटे तीनला तंबूच्या कापडावर सरसर सुरू झाली ती दुपारी चारपर्यंत. मी आत पडून होतो, दर तासाला छतावरचं बर्फ आतून हाताने झाडत. सॅटेलाइट मेसेंजरवर बायकोला सकाळ-संध्याकाळ एक निरोप पाठवायचा, हा आमचा करार होता. त्या संध्याकाळी शेजाऱ्यालाही पाठवला: तीन दिवस फुकट घालवले, एक नर वाऱ्याने उठवला, आता वीतभर बर्फ. त्याचं उत्तर आलं ते मी जपून ठेवलंय. “उद्या चालू नकोस. त्या सोंडेच्या समोरच्या धारेवर बस. सकाळी नाही दिसला तर उठू नकोस. सूर्य वर आला की त्याची सावली सरकते. नऊ ते अकराच्या मधे तो उठतो, दोन मिनिटं उभा राहतो, आणि सावलीत पुन्हा बसतो. तुला तीच दोन मिनिटं हवीत.”

सहाव्या दिवशी साडेसहाला, अंधारात, मी त्या समोरच्या धारेवर जाऊन बसलो. आकाश स्वच्छ झालं होतं. थर्मामीटर उणे अकरा. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, पण उजेड आल्यावर मी रायफल बाजूला ठेवली आणि ट्रायपॉडवर दुर्बीण लावली. बघण्याची एक पद्धत आहे. समोरच्या उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे, पुस्तक वाचल्यासारखा वाचायचा. अख्खं हरीण शोधायचं नाही. आडवी रेघ शोधायची, कारण झाडं उभी असतात आणि पाठ आडवी. कानाची हालचाल शोधायची. ढुंगणाचा पांढरा ठिपका, नाकाचा काळा तुकडा, काटकी वाटणारं पण जरा जास्तच चकाकणारं टोक.

साडेसात ते साडेनऊ मी तो उतार अकरा वेळा वाचला. दोन माद्या आणि एक पाडस खालच्या अंगाला चरत गेले. पाय बधिर झाले. एका मोडलेल्या स्प्रूसच्या बुंध्याशी एक तपकिरी डाग होता, तो मी अकरा वेळा बघून दगड म्हणून सोडला होता. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दगड उभा राहिला.

त्याने अंग ताणलं. आधी मागचे पाय, मग मान पुढे, कुत्रा ताणतो तसं. पाठीवरचं बर्फ झटकलं. ऊन त्याच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. मी मोजत होतो, एक मिनिट पन्नास सेकंद. मग तो पाच पावलं उजवीकडे, दुसऱ्या झाडाच्या सावलीत गेला आणि गुडघे मोडून बसला. बसल्यावर दुर्बिणीत फक्त एका शिंगाचं टोक आणि एक कान राहिला. ते टोक नजरेत नसतं तर तो तिथे आहे यावर माझाही विश्वास बसला नसता.

हा तो फाटक्या कानाचा नर नव्हे. शिंगं त्याच्याइतकी रुंद नव्हती, कानांच्या बाहेर जेमतेम चार बोटं. पण बुंध्याशी माझ्या मनगटाएवढी जाड, फाटे खोल, आणि अंग सगळं म्हाताऱ्या नराचं. मी वहीत झाडांची खूण काढली: मोडका बुंधा, त्याच्या उजवीकडे जोड-स्प्रूस, वर लालसर कातळ. दुसऱ्या बाजूला पोचल्यावर सगळं वेगळं दिसतं, म्हणून ही खूण लागते. आपल्या सह्याद्रीत नाळ शोधताना आपण हेच करतो.

अंतर सरळ रेषेत सातशे मीटर. मधे एक घळ. वारा आता चढता होता, म्हणजे मला त्याच्या खालून जाता येणार नव्हतं. धारेमागून खाली उतरायचं, घळ ओलांडायची आणि त्याच्या पातळीवर, आडव्या अंगाने, जोड-स्प्रूसच्या पूर्वेला निघायचं. दोन तास चाळीस मिनिटं लागली. शेवटचे शंभर मीटर मी बूट टेकवायच्या आधी हाताने बर्फ बाजूला सारून खाली काटकी आहे का ते बघत होतो. अंगावर कायद्याचं ५०० चौरस इंच भडक नारिंगी कापड होतं. हरणांना तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, हालचाल मात्र लगेच दिसते.

एका कातळाच्या कडेवरून मान वर काढली. लालसर कातळ, मोडका बुंधा, जोड-स्प्रूस. लेझरने अंतर मोजलं: २१० मीटर. मी पाठपिशवी दगडावर ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली आणि थांबलो. तो बसलेला होता, समोर फांद्या होत्या. बसलेल्या जनावरावर फांद्यांतून गोळी घालणं मला मान्य नव्हतं. म्हणून वाट बघितली. पन्नास मिनिटं. वाऱ्याची एक झुळूक जरी फिरली असती तर सगळं संपलं असतं. गालावर वारं लागतंय ना, एवढंच मी बघत होतो.

एक वाजून अठरा मिनिटांनी सावली पुन्हा सरकली आणि तो उठला. आडवा उभा राहिला, मागे निव्वळ डोंगराचा उतार. खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात रायफलच्या दुर्बिणीतला काटा स्थिर झाला. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. आवाज मला आठवत नाही. तो एकदा उसळला, उताराला लागून पळाला, आणि चाळीस-पन्नास पावलांवर झाडांत दिसेनासा झाला. मी बोल्ट फिरवून दुसरी गोळी आत घेतली आणि घड्याळ लावून वीस मिनिटं जागचा हललो नाही. घायाळ जनावरामागे लगेच धावलं तर ते उठून दूर जातं, हे शेजाऱ्याने बजावलं होतं. ती वीस मिनिटं सगळ्यांत लांब होती.

बर्फावर माग वाचायला कष्ट नव्हते. तो एका अ‍ॅस्पनच्या बुंध्याशी पडला होता, मान वरच्या बाजूला. जवळ जाऊन मी रायफल बाजूला ठेवली. पापण्यांचे केस लांब, टोकाला बर्फाचे कण. डोळ्याखालची खाच, तोंडाभोवतीचे राखाडी झालेले केस. सेजचा वास, धुरकट, कडवट. डाव्या खांद्यावर केस नसलेला एक जुना वण. शिंगाच्या बुंध्याशी मण्यांसारखे खडबडीत दाणे, त्यात सालीचे तुकडे अडकलेले. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडात घातलं. आजोबा घालायचे.

काय वाटलं ते सरळ सांगतो. आधी सुटका वाटली, की तो तडफडत राहिला नाही. मग फार वाईट वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. अभिमान आला तो खूप उशिरा, दुसऱ्या खेपेला, ओझं पाठीवर असताना.

लायसन्सच्या टॅगवर सही केली, तारीख घातली, तो जनावराला बांधला. मग काम. पोट न फाडता मांस काढायची पद्धत आहे: कण्यावरून कातडं सोडवायचं, वरच्या अंगाची दस्ती, मग फरा, पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस, शेवटी फासळ्यांच्या मागून हात घालून कमरेतली मऊ पट्टी. मग जनावर उलटायचं आणि तेच दुसऱ्या बाजूला. नर असल्याचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. हात गोठत होते तेव्हा मी ते मांसाखाली धरून शेकत होतो. साडेतीन तास लागले. कापडी पिशव्या झाडाला उंच टांगल्या, अस्वलं अजून सगळी झोपलेली नसतात म्हणून. पहिलं ओझं घेऊन कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तंबूत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते.

हाडं सोडून मांस तेहतीस-चौतीस किलो भरलं, शिवाय शिंगांसकट डोकं. तंबूपर्यंत दोन खेपा, तंबूपासून ट्रेलहेडपर्यंत पुन्हा दोन. दीड दिवस. पारा दिवसाही शून्याच्या आसपास होता म्हणून मांसाची काळजी नव्हती. शेवटच्या खेपेला ट्रेलहेडपासून दोन किलोमीटरवर एक नारिंगी टोपी हळूहळू वर येताना दिसली. दोन्ही बदललेले गुडघे घेऊन शेजारी मला न्यायला आला होता. काही बोलला नाही. पिशवीवरचा तंबू सोडवून स्वतःच्या पाठीवर घेतला, शिंगाच्या बुंध्यावर अंगठा फिरवला आणि पुढे चालू लागला.

गनिसनच्या मोटेलमधून आईला फोन केला. ती माळकरी आहे, चाळीस वर्षांत मांस खाल्लेलं नाही. मला वाटलं होतं रागावेल. ती बराच वेळ गप्प राहिली, मग विचारलं, “पाणी घातलंस का रे तोंडात?”

“घातलं.”

“मग जेव आता,” म्हणाली.

एक काम राहिलं होतं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग या हरणांत पसरतोय. १९६७ मध्ये कोलोराडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रातल्या पाळीव म्यूल डिअरमध्ये तो पहिल्यांदा दिसला. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, मेंदू पोखरतो, बरा होत नाही, आणि शिजवल्याने ते प्रथिन नष्ट होत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी लागण असलेलं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. माद्यांपेक्षा नरांत, आणि पोक्त नरांत तो जास्त सापडतो. म्हणजे माझ्याच नरासारख्यांत. डोकं वन्यजीव खात्याच्या कचेरीत नेलं, त्यांनी घशाजवळच्या लसिका ग्रंथी काढून घेतल्या, एक नंबर दिला. घरी येऊन मांसाच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर तारीख लिहिली आणि फ्रीझरमध्ये ठेवून दिल्या. निकालापर्यंत एकही उघडायची नाही. ते दिवस मला जड गेले. रोग निघाला असता तर सगळं मांस टाकावं लागलं असतं, आणि तो नुसताच मेला असता.

अडीच आठवड्यांनी निकाल आला: रोग आढळला नाही. त्या संध्याकाळी शेजारी जेवायला आला. कमरेतली पट्टी तव्यावर, फक्त मीठ-मिरी. दस्तीचा रस्सा आमच्या सातारी कांदा-लसूण मसाल्यात, मंद आचेवर तीन तास. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, घाई केली की चिवट होतं. त्याने भाकरी रश्श्यात मोडून खाल्ली, मुलीने शिकवली होती तशी, आणि त्या मोडक्या बुंध्याबद्दल, सावली किती वाजता कुठे होती याबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

लायसन्स मिळालं की जमलेले सगळे पॉइंट शून्यावर येतात. एप्रिलमध्ये मी त्याच युनिटचा अर्ज पुन्हा भरलाय. नंबर लागायला चार-पाच वर्षं जातील. ऑगस्टात मात्र दुर्बीण घेऊन वर जाणार आहे, मुलीलाही नेणार आहे. डाव्या कानाला फाटलेला तो नर अजून असला, तर तिला दाखवायचाय.